एकच रचना दोन्ही विभागांत पाठवावी का?

प्रश्न थोडक्यात असा: “मी व्हायोलिन वाजवते आणि काही वर्षांपासून रचनाही करते. एका ऑनलाइन स्पर्धेत वादक आणि रचनाकार असे दोन विभाग आहेत. व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेली माझी नऊ मिनिटांची रचना मीच वाजवून दोन्हीकडे पाठवायचा विचार आहे. रेकॉर्डिंग फोनवर केलं तर चालेल का? पियानोवादक मिळाला नाही तर तयार ट्रॅकवर वाजवू का? आणि मुळात अशा स्पर्धांना काही अर्थ असतो का?”

सुरुवात तुमच्या बेतापासूनच करतो, कारण घोळ तिथेच आहे. रचनेच्या विभागात बहुतेक चांगल्या स्पर्धा नाव झाकून परीक्षण करतात. नोटेशनवर नावाऐवजी एखादं टोपणनाव किंवा बोधशब्द टाकायचा असतो आणि खरं नाव वेगळ्या अर्जात जातं. आता तुम्ही रचनेसोबत स्वतः वाजवतानाचा व्हिडिओ पाठवलात तर नाव झाकून उपयोग काय? चेहरा समोरच आहे. शिवाय तोच व्हिडिओ वादक विभागात तुमच्या नावानिशी गेलेला असेल, तर झाकलेलं नाव तुम्हीच उघडं केलं असं होतं. यावरून प्रवेशिका बाद झालेल्या मी परीक्षक म्हणून पाहिल्या आहेत. त्यातल्या एका मुलाची रचना आमच्या यादीत बरीच वर होती.

दुसरी अडचण अधिक छुपी आहे. रचनेच्या नियमांत पुष्कळदा ‘अप्रकाशित आणि पूर्वी सादर न झालेली’ अशी अट असते, कारण विजेत्या रचनेचा पहिला प्रयोग आयोजकांना स्वतः करायचा असतो. काही ठिकाणी इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओही सादरीकरणात धरतात. म्हणजे वादक विभागासाठी जी लिंक तुम्ही द्याल, तीच रचना विभागात तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. नियमात ‘सादर’ शब्दाचा अर्थ दिला नसेल तर आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तिसरं माझं मत. वादक विभागात स्वतःची रचना वाजवणं सहसा महागात पडतं. ओळखीची कलाकृती ऐकताना परीक्षकाच्या मनात ती आधीपासून वाजत असते. तुम्ही कुठे श्वास घेतलात, कुठली ओळ वेगळी वळवलीत, हे त्याला लगेच कळतं. अनोळखी रचनेत त्याची निम्मी शक्ती ती समजून घेण्यातच जाते आणि वादनाला गुण देताना तो हात आखडता घेतो. तेव्हा वादक विभागाला प्रचलित कार्यक्रम पाठवा. रचना विभागाला रचना पाठवा, तीही फक्त ध्वनिमुद्रण म्हणून, आणि जमल्यास दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेऊन. दुसऱ्याने वाजवल्यावर नोटेशनमधल्या त्रुटी आपोआप उघड्या पडतात, कारण तुमच्या डोक्यात आहे पण कागदावर नाही ते त्याला वाजवता येणार नाही.

आता ‘अर्थ असतो का’ याबद्दल. ऑनलाइन हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो. एक म्हणजे प्रत्यक्ष मंचावरच्या स्पर्धेची गाळणी. वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेसारख्या १९२७ पासून चालत आलेल्या स्पर्धेतही अर्जासोबत व्हिडिओ मागतात आणि त्यावरून पुढे कुणाला बोलवायचं ते ठरतं. दुसरी म्हणजे पहिल्या क्लिकपासून प्रमाणपत्रापर्यंत सगळं इंटरनेटवरच उरकणारी स्पर्धा. दुसऱ्या प्रकारातही प्रामाणिक माणसं आहेत, पण हौशे-गवशे त्याच प्रकारात जास्त. मी स्वतः एक कसोटी लावतो: काहीही मिळालं नाही तरी या निमित्ताने तयार झालेलं रेकॉर्डिंग आणि नीट लिहिलेलं नोटेशन मला हवंच होतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर प्रवेश शुल्क भरू नये.

कसोटीत उतरलं तर मग स्पर्धेकडे पाहा. मागच्या दोन-तीन वर्षांचे निकाल उघडा. एकाच गटात पहिल्या बक्षिसाचे डझनभर मानकरी असतील आणि रिकाम्या हाताने कुणीच परतलं नसेल, तर ते बक्षीस नाही, पावती आहे. परीक्षकांची नावं अर्ज करायच्या आधी जाहीर आहेत का ते बघा, आणि रचना तपासणाऱ्यांत खरोखर रचनाकार आहेत का तेही. कोण ऐकणार हे कळणं किती मोलाचं असतं, याचं टोकाचं उदाहरण टोकियोच्या तोरू ताकेमित्सू रचना पुरस्काराचं. तिथे परीक्षक एकच रचनाकार असतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला आपली रचना कुणाच्या कानांवर पडणार ते नेमकं ठाऊक असतं. परीक्षकांचे स्वतःचे विद्यार्थी स्पर्धेत असतील तर काय करायचं, यावर नियमात एखादं वाक्य असलंच पाहिजे. जिनिव्हात १९५७ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांचा जागतिक महासंघ आपल्या सदस्य स्पर्धांची यादी देतो, ती चाळायला चांगली. यादीत नाव नाही म्हणून स्पर्धा खोटी ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. छोट्या, नव्या, चांगल्या स्पर्धा त्या यादीबाहेर असतात.

शुल्कानंतरची शुल्कं हा माझा जुना राग आहे. प्रवेशाला पैसे घेतले, समजू शकतो. परीक्षकांचं मानधन कुठून तरी यायला हवं. पण ‘विजेत्यांनी’ करंडकासाठी वेगळे पैसे द्यायचे, सभागृहातल्या कार्यक्रमात वाजवायला वेगळे द्यायचे आणि रचना ‘प्रकाशित’ व्हावी म्हणून आणखी द्यायचे, असं दिसलं की पान बंद करावं. शेवटची तारीख चार वेळा पुढे सरकली असेल तर तेही बोलकं असतं.

हक्कांचं कलम दोनदा वाचा. आयोजकांना तुमचं रेकॉर्डिंग प्रसिद्धीसाठी वापरायची बिगर-अनन्य परवानगी देणं ठीक आहे. म्हणजे ते वापरतील आणि तुम्हीही वापराल. ‘अनन्य’, ‘कायमस्वरूपी’, ‘हस्तांतरणीय’ हे शब्द एकत्र दिसले की मात्र थबका, कारण मग जिंकला नाहीत तरी रचना हातची गेलेली असू शकते. सगळ्याच सहभागींकडून हक्क मागतात की फक्त विजेत्यांकडून, हा फरक कलमात एखाद-दुसऱ्या शब्दाचा असतो.

वादनाच्या कार्यक्रमातही हक्कांचा प्रश्न येतो. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं संरक्षण असतं, आणि अनेक देशांत ते ७० वर्षं आहे. ७० वर्षांच्या हिशेबाने १९४५ साली गेलेल्या बार्टोकच्या रचना २०१६ पासून मोकळ्या झाल्या आणि १९५३ साली गेलेल्या प्रोकोफिएवच्या २०२४ पासून. १९७५ साली गेलेल्या शोस्ताकोविचच्या मात्र २०४६ पर्यंत नाहीत. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांना वेगळा नियम लागतो, प्रकाशनापासून ९५ वर्षांचा. वादक म्हणून तुम्हाला याचा त्रास क्वचितच होईल. रचनाकार म्हणून होईल, आणि तो कवितेपायी. पुढे कधी गायनासाठी लिहिलंत तर कवीची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी अर्ज करण्याआधी हाती हवी. ‘जिंकलो तर विचारू’ हे चालत नाही.

नोटेशनचं आता. परीक्षक आधी पान बघतो, मग ऐकतो, निदान मी तरी. पहिल्या पानाआधी एक पान वाद्यांची यादी, अंदाजे कालावधी आणि खास खुणांचे खुलासे यांना द्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मापाचा क्रमांक, लयीसाठी मेट्रोनोमचा आकडा, आणि वादकाला पान उलटायला सवड मिळेल अशा जागी पान संपवणं, एवढ्यावरही समोरचा माणूस वाद्याजवळ बसून काम करणारा आहे हे कळतं. कालावधी सॉफ्टवेअरवर विसंबून लिहू नका. संगणक श्वास घेत नाही, विरामचिन्हावर रेंगाळत नाही. कमाल मर्यादा नऊ मिनिटांची आणि संगणकाने ८ मिनिटं ५५ सेकंद दाखवली, तर प्रत्यक्षात तुम्ही मर्यादेबाहेर आहात.

तुम्ही व्हायोलिनवादक असल्याने व्हायोलिनच्या ओळीत अशक्य काही लिहिणार नाही. मोकळ्या जी तारेवरचा सूर आणि त्याच्या वरचा बी एकाच वेळी वाजत नाहीत, कारण दोन्ही सूर त्या एकाच तारेवर आहेत, हे तुमच्या बोटांना ठाऊक आहे. संगणक मात्र दोन्ही सुखाने वाजवतो. अगदी तसल्याच चुका तुम्ही पियानोच्या ओळीत करून बसल्या असणार. व्हायोलिनवाल्यांचा पियानो मी आयुष्यभर वाजवत आलो, म्हणून हक्काने सांगतो. दोन्ही हातांत एकामागून एक ताणलेले दहावे स्वर (म्हणजे एकाच हातात दहा पांढऱ्या पट्ट्यांच्या पल्ल्यातले दोन सूर), पेडलचा कुठे उल्लेख नाही, आणि डावा हात दोन पानं नुसता एकेक सूर धरून बसलेला. एखाद्या पियानोवादकापुढे अर्धा तास पान ठेवा, तो न बोलता जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा.

नाव झाकायचं तर पूर्ण झाका. पीडीएफच्या माहितीत लेखकाचं नाव आपोआप भरलं जातं, ध्वनिफाइलच्या टॅगमध्ये असतं, फाइलच्या नावात तर असतंच. एका नोटेशनवर टोपणनाव व्यवस्थित होतं आणि खाली ‘माझ्या गुरूंना’ म्हणून गुरूंचं पूर्ण नाव! आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण त्या गुरूंकडे त्या वर्षी रचना शिकणारा एकच विद्यार्थी होता.

फोन चालेल का? चित्रासाठी हो. आवाजासाठी, जमलं तर नको. फोनच्या माइकचा दर्जा ही दुय्यम गोष्ट आहे. खरा दोष हा की फोन स्वतःहून आवाजाची पातळी वर-खाली करतो. तुम्ही हळुवार वाजवता तेव्हा तो आवाज चढवतो, जोरात वाजवता तेव्हा दाबतो, आणि महिनाभर मेहनत घेऊन आणलेले चढ-उतार सपाट होतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या मुलीला एकाच पातळीवर वाजवता येतं. कुणाकडून तरी हाताने पातळी ठरवता येणारा रेकॉर्डर आणा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी पातळीचा काटा शून्याच्या १२ ते ६ डेसिबल खाली राहील असं बघा. २४ बिटमध्ये आवाज खालच्या पातळीवर घेतल्याने काही बिघडत नाही, फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. रेकॉर्डर अजिबातच मिळाला नाही तर फोनमध्ये पातळी हाताने ठरवू देणारं ॲप वापरा.

खोली माइकपेक्षा महत्त्वाची. मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागे धातूसारखी थरथर ऐकू आली तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा आला तरी फरक पडतो. माइक तुमच्यापासून सुमारे दोन मीटरवर, डोक्याच्या वर, व्हायोलिनच्या पोटाकडे रोखलेला ठेवा. अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून अर्धा मीटर पुढे-मागे सरकण्यानेही स्वराचा पोत बदलतो. पियानोशी तोल जमवताना आधी माणसं हलवा, माइक नंतर. दहा-दहा सेकंदांचे सहा-सात नमुने घेऊन हेडफोनवर ऐका. तास गेला तरी चालेल.

कॅमेरा वेगळा असल्यामुळे सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि चित्र-ध्वनी जुळवताना ती एकावर एक आणा. कॅमेरा पाच मीटर लांब असल्याने आवाज मागे पडेल ही भीती नको. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे पाच मीटरला १५ मिलिसेकंद लागतात, आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर एका चित्राचा काळ ४० मिलिसेकंद असतो. खरा त्रास लांब टेकमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या लांब रेकॉर्डिंगमध्ये होतो. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, त्यात फोनचा चित्रवेग स्थिर नसतो. म्हणून टेकच्या शेवटीही एक टाळी वाजवा, सरक किती झाली ते लगेच दिसेल. मात्र आवाज वेगळा घेऊन व्हिडिओला जोडणं नियमात चालतं का ते आधी पाहा, काही स्पर्धांना ते मान्य नसतं. प्रकाश समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको. पूर्ण गज आणि डाव्या हाताची बोटं चौकटीत सतत दिसली पाहिजेत. वरच्या टोकाला गज कापला गेला तर जोडकाम लपवलंय की काय असा संशय येतो.

‘एकसलग टेक’ म्हणजे एका कलाकृतीच्या मध्ये काप नाही. दोन कलाकृतींमध्ये बहुधा चालतो, पण हेही नियमात वाचा. स्वर सुधारणारं सॉफ्टवेअर आणि नंतर चढवलेला घुमारा शक्यतो टाळाच. घुमारा चढवलेला कानाला कळतो, विशेषतः चित्रात छोटी खोली दिसत असताना.

एका दिवसात एका कलाकृतीचे तीनपेक्षा जास्त टेक घेऊ नका. पहिल्यात माणूस सावध असतो, दुसऱ्यात वाजवतो, तिसऱ्यात दुसऱ्याची नक्कल करतो. सातवा-आठवा टेक बिनचूक येतो खरा, पण त्यात वाजवणारा कंटाळलेला असतो आणि ते ऐकू येतं. टेकच्या मध्ये ऐकत बसू नका. निवड दुसऱ्या दिवशी करा. दिवसभर प्रवेशिका ऐकत बसलेल्या परीक्षकाला एखादा निसटलेला सूर संध्याकाळी आठवत नाही. पहिल्या मिनिटात स्वर कसा लागला ते आठवतं. म्हणून क्रम तुमच्या हातात असेल तर सगळ्यात अवघड रचना आधी ठेवू नका, तुमचा स्वर जिच्यात मोकळा लागतो ती ठेवा. कित्येक स्पर्धांत परीक्षकांना मध्येच थांबवायचा अधिकार असतो, आणि आम्ही तो वापरतो.

लिंक द्यायची असेल तर यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’, म्हणजे लिंक हाती असेल त्यालाच दिसेल अशी ठेवा. ‘प्रायव्हेट’ ठेवलीत तर परीक्षकाला उघडतच नाही, आणि तो तुम्हाला फोन करून सांगणार नाही. अपलोड निदान पाच-सहा आठवडे आधी करा, त्याला कारण आहे. तिथली हक्क तपासणारी यंत्रणा शेकडो वर्षं जुन्या रचनेच्या तुमच्या वादनालाही कुणाच्या तरी विकत मिळणाऱ्या रेकॉर्डिंगशी जुळवून दावा लावू शकते, आणि काही दाव्यांत व्हिडिओ काही देशांत बंद होतो. आक्षेप घेता येतो, पण दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. लॉग-आउट करून, दुसऱ्या फोनवर, लिंक स्वतः उघडून पाहा. शेवटच्या वेळेचंही तेच. ‘२३:५९ सीईटी’ म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या एक तास पुढची मध्य युरोपीय वेळ, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं दोन तास पुढे असतात आणि नियमावलीत मात्र सीईटीच छापलेलं राहतं. त्या तासावर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशी पाठवा.

पुढची फेरी थेट व्हिडिओ कॉलवर असेल तर आवाज-शुद्धीकरण बंद करायला विसरू नका. लांब धरलेला सूर त्या यंत्रणेला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो खाऊन टाकते. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची वेगळी सोय आहे, ती चालू करावी लागते. जोडणी तारेची हवी, ब्लूटूथ इअरफोन नकोत.

राहिला ट्रॅकचा प्रश्न. नियमात स्पष्ट परवानगी असेल तर पाठवता येईल, पण मी पाठवणार नाही. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून तुम्ही त्याच्यासाठी थांबता, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो ताण ऐकू येतो. पियानोवादक मिळत नसेल तर वादक विभागासाठी एकट्या व्हायोलिनसाठीचं काहीतरी निवडा. बाखने १७२० साली सहा सोनाटा-पार्तिता एकट्या व्हायोलिनसाठी लिहून ठेवल्या आहेत आणि बेल्जियन व्हायोलिनवादक इजाईच्या सहा सोनाटा १९२३ च्या आहेत, म्हणजे कार्यक्रम तोकडा पडायची भीती नाही. रचना विभागात मात्र पियानो संगणकाचा असला तरी अनेक ठिकाणी चालतो, कारण तिथे ध्वनिमुद्रण फक्त नोटेशन वाचायला मदत म्हणून असतं. त्यावर ‘पियानोचा भाग संगणकीय’ असं साध्या शब्दांत लिहा. आणि व्हायोलिनची ओळ त्यावर संगणकाकडून वाजवून घेऊ नका, शक्य झाल्यास वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला वाजवायला सांगा. तिला पान आदल्या दिवशी द्या, आणि तुम्ही स्वतः वाजवून दाखवू नका.